बातमीचा शेवटही दाखवा: मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना एका केबलवाल्याचं खुलं पत्र

माननीय संपादक, निर्माते आणि निवेदक मंडळी,
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात केबल चालवतो. कागदोपत्री 'स्थानिक केबल ऑपरेटर', गावात नुसता केबलवाला. तुमची बातमी स्टुडिओतून निघते, उपग्रहावर जाते, एमएसओच्या, म्हणजे आम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या, कंट्रोल रूममध्ये उतरते आणि सगळ्यात शेवटी माझ्या वायरीतून लोकांच्या घरात शिरते. त्या शेवटच्या शंभर फुटांत तिचं काय होतं ते टीआरपीच्या तक्त्यात दिसत नाही. मला रोज दिसतं. म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. तुम्ही कुणाची तरी बाजू घेता, ही माझी तक्रार नाही. मराठी पत्रकारिता बाजू घेतच वाढली. आगरकरांचं टिळकांशी पटेना म्हणून ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केला तेव्हा तो कुणासाठी बोलणार हे नावातच होतं. आज 'सामना' विकत घेणाऱ्याला तो कुणाचा पेपर आहे हे सांगावं लागत नाही. वाचक त्या हिशेबानेच वाचतो. दारावर पाटी असलेल्या दुकानात गिऱ्हाईक फसत नाही. तुमच्या दारावर 'निःपक्ष' अशी पाटी आहे आणि आत बाजू घेतली जाते ती सरळ विधान करून नाही, प्रश्न विचारून. माझी तक्रार त्या प्रश्नांबद्दल आहे, आणि त्यांची उत्तरं आल्यावर तुम्ही कुठे जाता याबद्दल.

रिचार्ज ऑनलाइन झालं तरी निम्मं गाव अजून रोखीनेच पैसे देतं, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला मी दारोदार असतो. दुपारी अकरा ते चार या वेळात गावातल्या दुकानांतले बरेचसे टीव्ही मुके असतात. सलूनमध्ये मोबाइलवर गाणी चालू, वर भिंतीवर बातम्या, आवाज शून्यावर. दवाखान्यात पेशंटला त्रास नको म्हणून आवाज बंद. पतसंस्थेत साहेब ओरडतात म्हणून बंद. किराणा दुकानात गल्ल्याच्या वर टीव्ही आहे, पण गिऱ्हाइकाची यादी ऐकू यायला हवी. तुमचा निवेदक घसा ताणून काय सांगतो ते तिथे कुणालाच कळत नाही. लोक पडद्यावरची बातमीची पट्टी वाचतात आणि चहा पितात.

'असा आरोप आहे', 'याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही', 'पोलिसांनी हे फेटाळलंय' ही वाक्यं निवेदकाच्या तोंडात असतात. पट्टीवर असतं 'कटामागे कोण?' किंवा 'सरकार कुणाला वाचवतंय?' आता यात एक तांत्रिक गंमत सांगतो. आमच्याकडे अनेकांचा टीव्ही 'झूम'वर लावलेला असतो. पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे दिसले की माणसाला वाटतं, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि चित्र लहान कसं? मग तो ताणून ठेवतो. झूमवर कडा कापल्या जातात. पट्टी लांब असली तर तिचं टोक जातं, आणि टोकाला तुमचं प्रश्नचिन्ह असतं. मी स्वतः कित्येक घरांत रिमोट घेऊन ते नीट करून दिलंय, पुढच्या महिन्याला परत झूमवर.

अर्थात प्रश्नचिन्ह दिसलं तरी फार काही बिघडत किंवा सुधारत नाही. 'कटामागे कोण?' असं विचारलं की कट होता हे आधीच ठरून जातं, फक्त नाव भरायचं राहतं. ते नाव प्रत्येक जण आपापल्या पक्षाप्रमाणे भरतो. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोग करून दाखवलंय. तुमची पट्टी दिवसातून किती वेळा फिरते हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुशांतसिंह राजपूतचं प्रकरण घ्या. १४ जून २०२० ला तो वांद्र्याच्या घरात मृतावस्थेत सापडला. लॉकडाऊन होता, माणसं घरात कोंडलेली होती, पोटापाण्याची आणि जिवाची धास्ती होती. त्या काळात बातम्यांचे चॅनल तासभर गेले तरी माझा फोन थांबायचा नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सप्टेंबरात रिया चक्रवर्तीला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. दरम्यान बिहारची निवडणूक आली आणि तिथे सुशांतच्या फोटोचे, 'ना भूले हैं, ना भूलने देंगे' असे स्टिकर छापले गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाचं मत आलं: आत्महत्या, खुनाचा पुरावा नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या वार्तांकनावर सविस्तर निकाल दिला. दोन वाहिन्यांचं वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं असल्याचं त्यात म्हटलं आणि आत्महत्येच्या, तपास चालू असलेल्या प्रकरणांत काय दाखवू नये हेही सांगितलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला.

आता आमच्या गावात कुणालाही विचारा, त्या प्रकरणाचं काय झालं? उत्तर एकच: 'दाबलं.' कुणी दाबलं हे सांगणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून. मी एकदा एका गिऱ्हाइकाशी वाद घातला. म्हटलं, दादा, मुंबई पोलीस तेव्हा एका आघाडीच्या सरकारचे, सीबीआय आणि एम्स दिल्लीच्या सरकारच्या. दोघं एकमेकांच्या नरडीला लागलेले. तरी दोघांचं म्हणणं एकच निघालं. दाबायचं तर या दोघांनी मिळून दाबलं असं म्हणावं लागेल, पटतंय का? ते म्हणाले, 'मोठ्या लोकांचं आतून सगळं एकच असतं.' इथे वाद संपतो. कटाच्या कथेची हीच खुबी आहे, तिच्याविरुद्धचा पुरावाही तिच्याच पोटात जातो. पण त्या माणसाला मी दोष कसा देऊ? जून ते ऑक्टोबर रोज संध्याकाळी त्याने जे पाहिलं त्याच्यापुढे २०२५ ची ती बातमी कितीशी होती? सुरुवात चार महिने दाखवली, शेवट चहा निवेपर्यंत.

दुसरं प्रकरण गडचिंचल्याचं. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्हा. सुरतेला अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावाने ठेचून मारलं, पोलीस समोर असताना. त्या भागात पोरं पळवणारे, मूत्रपिंड काढून नेणारे फिरतायत अशी अफवा काही दिवस पसरली होती, गावकरी रात्रीचे पहारे देत होते. पण व्हिडिओ बाहेर आला आणि दोन दिवसांत त्या खुनाला धर्म चिकटला. क्लिपमध्ये कुणीतरी 'ओय बस' ओरडतंय, ते 'शोएब' असं ऐकवून फोनोफोनी फिरवलं गेलं. २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लीम नाही. त्या आठवड्यात रात्रीच्या चर्चा कशावर झाल्या आठवा. कोण गप्प आहे, कोण हिंदूंच्या विरोधात आहे. पोरं पळवण्याची अफवा तिथे कशी पोचली, पोलिसांनी ती वेळेत का मोडली नाही, आदिवासी पाड्यावर रात्री पहारे बसण्याइतकी भीती कशी माजली, हे प्रश्न पट्टीवर मावत नसावेत.

ही भीती आजची नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसांची मोमियाई काढतात, म्हणजे देहातून औषधी तेल गाळतात, अशी बोलवा होती. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा ना टीव्ही, ना व्हॉट्सअॅप. गोऱ्या सरकारवर विश्वास नव्हता, लोकांना ओढून नेलं जात होतं, आणि ज्या जागी काय चालतं ते कुणी सांगत नाही त्या जागेबद्दल माणूस कल्पना करतो. सव्वाशे वर्षांत मोमियाईचं मूत्रपिंड झालं, एवढाच फरक. म्हणून 'सोशल मीडियाने समाज नासवला' हे तुमचं आवडतं वाक्य मला अर्धंच पटतं. अफवा आधीही होती. तेव्हा तिला गावाबाहेर न्यायला दिवस लागायचे, आणि ती ऐकल्यावर माणूस निदान चावडीवर जाऊन खरं-खोटं विचारायचा. आता तो टीव्ही लावतो.

राईनपाड्याचं आमच्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आठवड्याचा बाजार. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारलं. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. डवरी गोसावी आमच्या दारात पिढ्यान् पिढ्या येतात, त्यांना कुणी चोर म्हणत नाही. तिकडे दोन-तीन जिल्हे ओलांडले की तीच माणसं परकी. त्याच रविवारी मालेगावात अशाच जमावाच्या हातून पोलिसांनी एका कुटुंबाला वाचवलं, म्हणजे वाचवता येत होतं. त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेने पोरांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि सावध राहा असा फलक धरतात. ज्याने ती पसरवली त्याने फक्त शेवट कापला. खोटं असं काही घातलंच नाही.

मंडळी, तुमच्या कामात आणि त्या कात्रीत फरक किती, याचा विचार तुम्ही करा.

हे वाचून एका बाजूचे लोक खूश होतील, म्हणून दुसऱ्या बाजूचंही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, तेव्हा माझ्या आघाडीवाल्या गिऱ्हाइकांना मतदान यंत्र अगदी निर्दोष वाटत होतं. नोव्हेंबरात महायुतीच्या तीन पक्षांनी विधानसभेला २३० जागा घेतल्या आणि यंत्रं रातोरात बिघडली. आमच्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर गावाचं पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. मला ते रोखणं काही फार शहाणपणाचं वाटलं नाही, पण ते असो. त्याच महिन्यात निवडणूक यंत्रणेने सांगितलं की २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच अशा १,४४० केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजून यंत्रातल्या मतांशी ताडल्या, फरक निघाला नाही. हा आकडा किती जणांपर्यंत पोचला? मारकडवाडीतला पोलीस बंदोबस्त मात्र सगळ्यांनी पाहिला. आणि मतदार याद्यांबद्दल कागद घेऊन प्रश्न विचारणारे जे लोक होते, त्यांना तुम्ही 'यंत्रात चिप बसवली' म्हणणाऱ्यांच्या शेजारच्या चौकटीत बसवलंत. कागदवाला आणि चिपवाला एकाच आवाजात ओरडले की कागदवाल्याचंच नुकसान होतं.

चिपवरून आठवलं. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारच्या नोटेत जमिनीखालूनही सापडणारी चिप आहे, असं मोठ्या हिंदी वाहिन्यांवर ग्राफिक्ससकट दाखवलं गेलं. रिझर्व्ह बँकेने नोटेची जी वैशिष्ट्यं जाहीर केली होती त्यांत असलं काहीच नव्हतं. आमच्या बाजारात एका आडत्याने नोट उन्हात धरून चिप शोधली होती. आज आम्ही त्यावर हसतो. पण ज्या माणसाला बँकेच्या रांगेत उभं राहून कष्टाचेच पैसे मिळत नव्हते, त्याला ती चिप हा मोठा आधार होता: आपण सोसतोय ते कशासाठी तरी आहे, काळा पैसा सापडणार आहे. कटाची कथा काय आणि चमत्काराची काय, ती गरजेच्या वेळी येते. तुम्ही ती गरज ओळखून विकता.

तुमचा धंदाही मला थोडाफार कळतो, तेव्हा नैतिकतेचं पुराण लावत नाही. सेट टॉप बॉक्स सुरू केला की जो चॅनल आपोआप लागतो त्या जागेला लँडिंग पेज म्हणतात. ती जागा विकली जाते. ती मी नाही विकत, माझ्या वरचे विकतात, पण माझ्या गिऱ्हाइकाने न निवडलेला चॅनल त्याच्या घरात लागतो आणि तो पाहिला असं धरलं जायचं. देशातल्या सुमारे २० कोटी टीव्हीवाल्या घरांची आवड २०२० साली सुमारे ४४ हजार घरांतल्या मीटरवरून मोजली जात होती. त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी फुगवल्याचा गुन्हा समोर आणला, पुढे सरकार बदललं आणि तो खटला मागे घेतला गेला. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले ते मार्च २०२२ पर्यंत. मला वाटलं होतं, आकडेच नाहीत तर आरडाओरडा तरी कमी होईल. माझ्या डोळ्यांना तरी काही फरक दिसला नाही. म्हणजे टीआरपी हे अर्धं कारण. उरलेलं कारण स्वस्ताई. गडचिंचल्याला बातमीदार आठवडाभर ठेवायला पैसे लागतात. सहा चौकटींत सहा माणसं ओरडायला बसवली की तास निघतो.

आता कायद्याचं. केबल टीव्ही नेटवर्क नियमांत, १९९४ पासून, सहावा नियम आहे. खोट्या, सूचक गोष्टी आणि अर्धसत्य असलेला कार्यक्रम केबलवरून दाखवायचा नाही, असं तो सांगतो. अर्धसत्य हा शब्द माझा नाही, नियमातला आहे. यातली मजा अशी की १९९५ च्या कायद्याप्रमाणे असा कार्यक्रम पुढे पाठवण्यावर बंदी आहे, म्हणजे अधिकाऱ्याचा हात आधी माझ्या मानेपर्यंत पोचतो. पट्टी तुम्ही लिहायची, जबाबदार मी. तुमच्यासाठी तुमच्याच संघटनेचं प्राधिकरण आहे, निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात आणि २०२३ साली त्याचा जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं होतं की एवढ्या दंडाने कुणाला काय वाटणार. मी म्हणतो, दंड राहू द्या. माझं मागणं वेगळं आहे.

ज्या प्रकरणाची सुरुवात रात्री आठ ते दहामध्ये दाखवली, त्याचा शेवटही आठ ते दहामध्येच दाखवा. न्यायालयाचा निकाल, तपास बंद झाल्याचा अहवाल, मोजणीचा ताळा, जे असेल ते. 'निकालानंतर' असा आठवड्यातून एक अर्धा तास ठेवा, जाहिरातदार मिळत नसेल तर आमच्या तालुक्यातला साडीवाला मी देतो. जिवंत किंवा मेलेल्या माणसाचं नाव असलेल्या पट्टीवर प्रश्नचिन्ह नको. माहिती असेल तर विधान करा, नसेल तर पट्टी रिकामी सोडा. 'सूत्रां'नी सांगितलं असेल तर ते पट्टीवरच लिहा, निवेदकाच्या तोंडात ठेवू नका, कारण तोंड ऐकू येत नाही. आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात हे एकदा सांगून टाका. 'सामना'चं काही अडलेलं नाही.

हे जमत नाही म्हणू नका. आमच्यासारख्यांनाही थोडंफार जमतं. मी एक लोकल चॅनल चालवतो: वाढदिवस, दशक्रिया विधी, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस. जुलै २०१८ मध्ये राईनपाड्यानंतर पोलीस ठाण्यातून मजकूर आला, तो मी वाढदिवसांच्या मधे फिरवला: 'आपल्या तालुक्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नोंदलेली नाही. अनोळखी माणूस दिसल्यास मारहाण करू नये, ठाण्याला कळवावे', खाली ठाण्याचा नंबर. साधी पिवळी अक्षरं. त्याने किती फरक पडला ते मोजायला माझ्याकडे मीटर नाही. पण ज्या माणसाने पोरीच्या वाढदिवसाची जाहिरात दिली होती तो येऊन म्हणाला, 'आमच्या पोरीच्या फोटोनंतर लगेच ती पोलिसांची पट्टी आली, सगळ्यांनी वाचली.' आवाज तिथेही बंदच होता.

शेवटी कामाचं. जून २०२१ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार प्रेक्षकाने वाहिनीकडे तक्रार केली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. माझ्या गिऱ्हाइकांपैकी हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तुमच्या पट्टीवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव कधी फिरलेलं नाही. ते फिरवा. या पत्राची प्रत तुमच्यापैकी प्रत्येकाच्या तक्रार अधिकाऱ्याला आजच्या तारखेने रीतसर तक्रार म्हणून पाठवतो आहे. पोच द्यावी आणि पंधरा दिवसांत उत्तर कळवावे.

आपला,
एक केबलवाला,
जि. सोलापूर